ग्रुप टूरने जपान: कार्यक्रम वाचण्यापासून बॅग भरण्यापर्यंत

नाराच्या तोदाइजी मंदिराजवळ आमची बस थांबली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. चाळीस मिनिटांत परत या, असं टूर मॅनेजरने सांगितलं. बसपासून मंदिरापर्यंत चालायलाच दहा-बारा मिनिटं लागली. वाटेत हरणं अंगाशी येतात, मान झुकवून खाऊ मागतात, आणि त्यांना बिस्किटं भरवायचा मोह कुणालाच आवरत नाही. आमच्या तीस जणांपैकी निम्मे लोक दरवाजातूनच मागे फिरले. आत साधारण 15 मीटर उंचीचा ब्राँझचा बुद्ध बसलेला होता. 752 साली त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या, भारतातून गेलेल्या भिक्षूच्या हातून झाला होता. आपल्याकडच्या माणसाने ज्या मूर्तीचे डोळे उघडले ती न पाहताच आपली माणसं बसमध्ये येऊन बसली, याची हळहळ मला आजही वाटते.

त्यानंतर मी आणखी दोनदा जपानला गेले, आणि दोन्ही वेळा ग्रुपबरोबरच. आईवडील बरोबर असले, जपानी वाचता येत नसलं, जेवण शाकाहारी असलं, तर ग्रुपने जाणंच सोयीचं पडतं. सामान, बस, हॉटेलं, तिकिटं हे सगळं दुसऱ्याच्या डोक्यावर असतं आणि आपण डोळे उघडे ठेवून फिरू शकतो. मात्र टूर निवडताना ठिकाणांची यादी किती लांब आहे हे मी आता बघत नाही. एकेका ठिकाणी किती वेळ देतात ते बघते.

आधी महिना ठरवा

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, टोकियो आणि क्योतोमध्ये साधारण मार्चअखेरीला सुरू होतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो आणि दर वर्षी पुढेमागे होतो. म्हणून ‘साकुरा स्पेशल’ टूरला जाताना फुलं मिळतीलच असं मनात धरून निघू नका. क्योतोची लाल पानं नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रंगात येतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ती बहुतेक वर्षी थोडक्यात हुकतात.

मुलांच्या शाळेमुळे ज्यांना मे महिन्याशिवाय पर्याय नाही त्यांनी नाराज होऊ नये. फक्त 29 एप्रिल ते 5 मे हा ‘गोल्डन वीक’ टाळा, कारण त्या आठवड्यात अख्खा जपान सुट्टीवर निघालेला असतो. त्यानंतरचा मे मला सगळ्यात आवडतो. हवा छान असते, झाडं कोवळ्या पानांनी भरलेली असतात. तातेयामाच्या डोंगररस्त्यावर दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच भिंती तोवर उभ्या असतात, आणि त्या भागात जाणाऱ्या टूर याच दिवसांत निघतात. जूनमध्ये तिथला पावसाळा लागतो. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा मुंबईच्या माणसालाही जड जातो.

कार्यक्रमपत्रिका पेन्सिल घेऊन वाचा

हे काम पैसे भरण्याआधी करायचं, आणि घाईत करायचं नाही. कंपनीने दिलेला कागद समोर घ्या आणि प्रत्येक दिवसासमोर तीन गोष्टी लिहा: त्या दिवशी बस किंवा ट्रेनमध्ये किती तास, रात्री हॉटेल बदलतंय का, आणि प्रत्येक ठिकाणी आत प्रवेश आहे की बाहेरूनच फोटो. ‘फोटो स्टॉप’, ‘व्ह्यू’, ‘ओरिएंटेशन टूर’ असे शब्द दिसले की समजा, बसमधून उतरून पंधरा मिनिटांत परत.

आठ रात्रींत सहा हॉटेलं असतील तर ती टूर मी घेणार नाही. टोकियोत तीन रात्री, फुजी किंवा हाकोने परिसरात एक, क्योतो-ओसाकात तीन आणि हिरोशिमात एक, अशी मांडणी दिसली तर बाकीचा कागद वाचावा. टोकियोत उतरून परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून असेल तर अख्खा अर्धा दिवस वाचतो. परतही टोकियोहूनच असेल, तर त्या शेवटच्या प्रवासाचा दिवस पाहण्याच्या दिवसांत धरू नका.

कुठल्या ठिकाणाला किती वेळ, याचा माझा हिशोब असा आहे. क्योतोच्या सोन्याच्या मंदिराला, म्हणजे किन्काकुजीला, पाऊण तास पुरतो. तिथे बागेतून एकाच दिशेने चालत जायचं असतं आणि आत जाता येत नाही. 1950 मध्ये ते जाळलं गेलं आणि आज दिसतं ते 1955 साली पुन्हा उभारलेलं आहे, हे माहीत असलं की पाहण्याला वेगळा अर्थ येतो. क्योतोच्याच फुशिमी इनारी देवस्थानाला मात्र दोन तास हवेत. त्या लाल कमानींची, तोरींची, रांग 233 मीटरच्या डोंगरावर चढत जाते. ग्रुप बहुतेक पहिल्या टप्प्यावर फोटो काढून परततो आणि खरी शांतता त्याच्या वर असते. अर्ध्या वाटेपर्यंत जरी चढलात तरी क्योतो शहर खाली पसरलेलं दिसतं. नाराला किमान तीन तास मागा, आणि दुपारी उशिराची वेळ असेल तर आधीच हरकत घ्या. हिरोशिमाच्या शांतता संग्रहालयाला दोन तासांहून कमी वेळ देणारा कार्यक्रम मला पटत नाही. 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी सव्वाआठला थांबलेलं घड्याळ, जळलेली मुलांची तीनचाकी, डबे, कपडे; हे पाहताना माणूस जागोजागी थांबतो, आणि तिथे मागून ‘चला चला’ ऐकू येऊ नये.

फुजीचं वेगळं आहे. बस डोंगराच्या पाचव्या स्थानकापर्यंत, सुमारे 2300 मीटरवर जाते. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून कितीतरी वर बस उभी राहते, आणि मे महिन्यातही तिथे जाकीट लागतं. पण ढग आले की वर गेल्यावर काहीच दिसत नाही. हिवाळ्यात फुजी बहुधा स्वच्छ दिसतो, उन्हाळ्यात बऱ्याचदा दडलेला असतो. ढग असतील तर पर्यायी कार्यक्रम काय, हे कंपनीला विचारा. ‘काहीतरी करू’ हे उत्तर पुरेसं नाही. कावागुची तळ्याकाठी जास्त वेळ, किंवा हाकोनेला रोपवे आणि आशी तळ्यातली बोट, असं नेमकं काहीतरी ठरलेलं हवं.

पैसे भरताना

किमतीत जीएसटी आणि टीसीएस, म्हणजे परदेश टूरच्या पैशांवर कंपनी आधीच घेते तो कर, धरले आहेत का, हे लेखी घ्या. टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, त्यामुळे ती पावती जपा. येनचा दर कुठल्या तारखेचा लावणार, किती लोक जमले नाहीत तर टूर रद्द, रद्द झाल्यास पैसे किती दिवसांत, एकट्या माणसाला खोलीसाठी जादा किती, तेही विचारा. तिघांसाठी एक खोली सुचवली तर नको म्हणा. शहरी हॉटेलांच्या खोल्या इतक्या लहान असतात की दोन मोठ्या बॅगा एकदम उघडून ठेवता येत नाहीत. तिसरा पलंग आला की चालायला जागा राहत नाही.

आणखी एक प्रश्न लोक विचारत नाहीत: टूर मॅनेजरशिवाय तिथला स्थानिक गाइड किती दिवस असणार? आपला मॅनेजर जेवणाची, औषधाची, रुसव्याफुगव्यांची काळजी घेतो. देवळाच्या छपराचा आकार तसा का, उंबऱ्यावर पाय का ठेवायचा नाही, हे सांगायला तिथला माणूस लागतो. क्योतो, नारा आणि हिरोशिमाला तरी तो असलाच पाहिजे.

व्हिसा आणि औषधं

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रामार्फत होतो. कागदपत्रं कंपनी गोळा करते. बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र आधीच काढून ठेवा. लक्षात ठेवायची गोष्ट पुढे आहे. विमानतळावर हा व्हिसा तुमच्या मोबाइलवर, इंटरनेट चालू असताना दाखवावा लागतो. प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून ग्रुपमधल्या आजीआजोबांच्या फोनवर तो कसा उघडायचा, याची घरी दोनदा तालीम करा. ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती आधी भरली की क्यूआर कोड मिळतो आणि रांगेतला वेळ वाचतो.

औषधांच्या बाबतीत जपानचे नियम कडक आहेत. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, त्यावरही बंधनं आहेत. घरातल्या डब्यात सुट्या पट्ट्या असतात त्या तशाच पिशवीत टाकू नका. प्रत्येक पट्टीवरचा घटक वाचा, रक्तदाब-मधुमेहाची औषधं महिन्याभराच्या आत बसतील इतकीच घ्या, मूळ वेष्टनात ठेवा आणि चिठ्ठी इंग्रजीत घ्या. ताजी फळं, पालेभाज्या, मांसाचे पदार्थ नेऊ नका. मे महिन्यात कुणाला तरी हापूसची पेटी न्यायची इच्छा होते, कुणी कढीपत्ता घेतं. दोन्ही घरीच राहू द्या.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवायची आपली सवय इथे मोडा. परदेशी पाहुण्याने तो कायम जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे.

बॅग भरताना

शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, टोकियोहून क्योतो-हिरोशिमाकडे जाताना लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी खास जागेचं आरक्षण लागतं. म्हणून मध्यम आकाराची एकच बॅग घ्या. बरेच ग्रुप मोठ्या बॅगा ट्रकने किंवा ताक्युबिन या घरपोच सेवेने पुढच्या हॉटेलला पाठवतात आणि त्या दुसऱ्या दिवशी पोचतात. त्यामुळे मधल्या रात्रीसाठी एक छोटी पिशवी हवी: एक कपड्यांचा जोड, औषधं, चार्जर, दाढीचं सामान. ज्यांनी औषधं मोठ्या बॅगेत ठेवली अशा एका काकांसाठी आम्ही हाकोनेत रात्री दहाला धावपळ केली आहे.

बुटांवर पैसे खर्च करा. दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात, आणि देवळात, जपानी खोल्यांत, काही हॉटेलांत बूट सारखे काढावे लागतात. लेस बांधायचे बूट नकोत, मोजे न फाटलेले हवेत. प्लग दोन चपट्या पिनांचा आणि वीज 100 व्होल्टची असते. मोबाइलचा चार्जर चालतो, आपली पाणी तापवायची कॉइल नीट चालत नाही. हॉटेलच्या खोलीत किटली मिळते.

जेवण: दाशी हा शब्द पाठ करा

पहिल्या टूरमध्ये पहिल्याच सकाळी आम्हाला गरमागरम मिसो सूप मिळालं. वर टोफूचे चौकोन, कांद्याची हिरवी पात, समुद्री शेवाळाचे तुकडे. मांसाचा मागमूस नाही, म्हणून सगळ्यांनी आनंदाने प्यायलं. चौथ्या दिवशी स्थानिक गाइडने सांगितलं की त्याचं पाणी दाशीचं असतं, आणि दाशी बहुतेक वेळा बोनितो माशाच्या वाळवलेल्या किसापासून बनते. ग्रुपमध्ये एक बाई होत्या, त्यांनी आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मी ठरवलं की ही गोष्ट भेटेल त्याला सांगायची.

सोबा आणि उदोन नूडल्सचा रस्सा, तेम्पुराबरोबरची, म्हणजे तिथल्या भज्यांबरोबरची, आमटीसारखी चटणी, इनारी सुशीचं तळलेलं टोफू, उकडलेल्या भाज्या. या सगळ्यांत दाशी असू शकते. ‘वेज आहे का’ हा प्रश्न तिथे उपयोगाचा नाही, कारण समोरच्याच्या दृष्टीने माशाच्या पाण्यात शिजलेली भाजी ही भाजीच असते. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस’, म्हणजे मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही, एवढं पाठ करा. त्याहून चांगलं म्हणजे हे वाक्य गाइडकडून जपानीत कागदावर लिहून घ्या आणि पाकिटात ठेवा.

बऱ्याच मराठी ग्रुपमध्ये रात्रीचं जेवण भारतीय हॉटेलात असतं, आणि दमून आल्यावर वरण-भात मिळाला की बरं वाटतं हे मीही मान्य करते. पण सगळीच जेवणं भारतीय असलेली टूर घेऊ नका. निदान एकदा शोजिन र्‍योरी मागा. बौद्ध मठांचं हे जेवण मांस-माशांशिवाय असतं, त्यात कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य आहे, त्यामुळे जैन सहप्रवाशांनाही ते चालण्यासारखं असतं. तरी कंदमुळं असतात, ती आधी सांगा. क्योतोला आराशियामातल्या तेनर्‍युजी मंदिराच्या आवारात ते मिळतं. छोट्या लाल वाट्यांतून तिळाचा टोफू, लोणची, भात समोर येतो. गप्प बसून खाणाऱ्या आमच्या ग्रुपला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चिवडा, ठेपले, मेतकूट जरूर न्या, पण ट्रेनमधून उतरताना कचरा स्वतःच्या पिशवीत घ्या. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, एक बाटली घेऊन निघालात की पुरे.

रोजची शिस्त

बस आठला निघणार म्हणजे आठला निघते. चालकाच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे, त्यामुळे सकाळी कुणाची वाट पाहण्यात गेलेली वीस मिनिटं संध्याकाळी कुठल्या तरी देवळातून कापली जातात. शिनकान्सेन मधल्या स्थानकावर बहुतेक मिनिट-दोन मिनिटंच थांबते. तीस माणसांनी फलाटावर आखलेल्या खुणांवर दोन रांगा करून उभं राहायचं, म्हातारी माणसं पुढे, बॅगा शेवटच्यांकडे. टोकियोहून क्योतोला जाताना उजव्या बाजूची ‘ई’ खिडकी मिळाली तर पाऊण तासाने फुजी दिसतो. मॅनेजरला सांगून तेवढ्या वेळापुरत्या जागा आपापसांत बदला.

गाडीत मोठ्याने बोलणं आणि फोनवर बोलणं टाळायचं. मराठी ग्रुपला हे अवघड जातं हे मला माहीत आहे, अंताक्षरीसाठी आपली बस आहेच. टिप द्यायची पद्धत नाही. क्योतोच्या गिओन भागात खाजगी गल्ल्यांत शिरून गेइशांचे फोटो काढायला बंदी आहे, दहा हजार येन दंडाची पाटी लावलेली दिसेल. हरवलात तर कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत, ‘कोबान’मध्ये, हॉटेलचं कार्ड दाखवा. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 119.

र्‍योकान, म्हणजे जपानी पद्धतीचं निवासस्थान, एका रात्रीसाठी तरी असावं. युकाता, म्हणजे तिथे घालायला देतात तो सुती झगा, घालताना डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटी फक्त मृतदेहाला नेसवतात. गरम झऱ्याच्या सामूहिक स्नानाला स्त्रिया आणि पुरुष वेगळे असतात, अंगावर काहीही न घालता उतरायचं असतं आणि त्याआधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची असते. आपल्या बायकांना पहिल्यांदा फार संकोच वाटतो. रात्री उशिरा किंवा पहाटे गर्दी नसते, तेव्हा जा. माझ्या सत्तरीतल्या मावशीने पहाटे पाचला धीर केला आणि पुढचे सगळे दिवस तिचे गुडघे हलके होते, असं ती सांगते.

मोकळी दुपार स्वतः भरा

चांगल्या कार्यक्रमात एक-दोन मोकळ्या दुपारी असतात. बहुतेकांच्या त्या खरेदीत जातात. टोकियोत असाकुसाच्या सेन्सोजीला ग्रुप जातोच. तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत सुमिदा नदीच्या दिशेने गेलात की एका छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन नावाचं मंदिर लागतं. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, ती बंदच असते. पण पायऱ्यांवर, दिव्यांवर, जागोजागी दोन मुळ्यांची आणि पैशाच्या बटव्याची खूण कोरलेली आहे, कारण या गणपतीला मुळा वाहतात. मंदिरातच पांढरेशुभ्र, हातभर लांबीचे मुळे विकत मिळतात. मी एक घेऊन देवापुढे ठेवला आणि हात जोडले. शेजारी एक जपानी आजी तसाच मुळा ठेवून डोळे मिटून उभी होती. वाहिलेले मुळे नंतर येणाऱ्यांना घरी न्यायला देतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेकडी चढायला एक छोटा चालता डबाही आहे.

क्योतोत मोकळा वेळ मिळाला तर सान्जुसान्गेन्दो पाहा. या मंदिराच्या लांबच लांब लाकडी सभागृहात कान्नोन या करुणेच्या देवतेच्या 1001 मूर्ती आहेत, आणि पुढच्या रांगेतल्या रक्षक देवतांत इंद्र, ब्रह्मदेव, गरुड आहेत. आत फोटो काढू देत नाहीत.

पुणेकरांसाठी आणखी एक. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्यावरून केलं ते ओकायामाचं कोराकुएन, ओसाका-हिरोशिमा मार्गावरच आहे. ग्रुप पुण्याचा असेल तर तिथे दोन तास थांबायची मागणी सगळ्यांनी मिळून आधीच करा, जागेवर गेल्यावर ते शक्य होत नाही. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटालाही असंच आधी बघून ठेवा: भरतीला समुद्रातली लाल तोरी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते, ओहोटीला तिच्या पायाशी चालत जाता येतं. तुमच्या तारखेची भरतीची वेळ काढून मॅनेजरला दिलीत तर बोटीची वेळ तो तासाभराने मागेपुढे करू शकतो.

शेवटच्या दिवशी उरलेली नाणी वेंडिंग मशीनमध्ये संपवा, आपल्याकडे नाणी बदलून मिळत नाहीत. असाकुसाजवळच्या काप्पाबाशी या भांड्यांच्या बाजारातून स्वयंपाकाचा चाकू घेतला असेल, आणि घ्यावाच असा असतो, तर तो पुठ्ठ्यात नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा. हातातल्या सामानात राहिला तर विमानतळावर सोडून यावा लागेल.